लोबोक नदीवर तरंगतं जेवण: बोहोलच्या एका दिवसाची आखणी

फिलिपिन्सच्या बोहोल बेटावर लोबोक नावाचं एक लहान गाव आहे. गावाला लागून त्याच नावाची नदी वाहते आणि दुपारच्या जेवणाच्या वेळेला या नदीवर तरंगती रेस्टॉरंट्स ये-जा करत असतात. धक्क्यावरून आत पाऊल टाकायचं, ताट वाढून घ्यायचं आणि जेवता जेवता दोन्ही काठांवरची नारळाची झाडं मागे सरकताना बघायची. कार्यक्रम साधारण तासाभराचा. पण तो जमून यायचा तर आधीचं बरंच काही जमवावं लागतं. यायचं कुठून, बोटीला किती वाजता पोचायचं, ताटात काय असतं, शाकाहारी माणसाने काय करायचं, खिशात काय ठेवायचं, हे सगळं मराठीत एका जागी सापडत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक ठाम मत सुरुवातीलाच सांगते. बोहोलमध्ये ‘कंट्रीसाइड टूर’ नावाची जी ठरलेली सहल मिळते, तिच्यात एका दिवसात सात-आठ ठिकाणं कोंबलेली असतात. नदीवरचं जेवण त्यात भर गर्दीच्या वेळी येतं आणि घाईत उरकलं जातं. ड्रायव्हर घड्याळ बघत उभा, तुम्ही शेवटचा घास तोंडात टाकत गाडीकडे पळताय, असं होतं. तेव्हा आखणी उलटी करा. जेवणाची बोट आधी पक्की करा, आणि तिच्या अलीकडे एक व पलीकडे एक एवढीच ठिकाणं घ्या.

प्रवेशाचे कागद

भारतीय पासपोर्टवर फिलिपिन्सला जाणं आता पूर्वीपेक्षा खूप सोपं झालंय. ८ जून २०२५ पासून पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटनचा वैध व्हिसा अथवा तिथला रहिवासी परवाना असेल, तर ही मुदत ३० दिवसांची होते. १४ दिवसांची सवलत मात्र वाढवून मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच परतीचं तिकीट काढा. पासपोर्ट पुढचे सहा महिने तरी वैध हवा. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चाला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा जवळ असू द्या. विमानतळावरचा अधिकारी विचारेलच असं नाही, पण विचारलं तर फोनची बॅटरी संपलेली नसावी. म्हणून मी तरी हे कागद छापूनच नेते.

फिलिपिन्समध्ये पोचण्याआधीच्या ७२ तासांत ‘ई-ट्रॅव्हल’ हा ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. भरून झाला की क्यूआर कोड येतो, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. हा फॉर्म पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या वेबसाइट्स शोधात वरच दिसतात, त्यांच्या नादी लागू नका.

ऑक्टोबर २०२५ पासून दिल्ली-मनिला थेट विमान सुरू झालं. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना बहुतेक वेळा सिंगापूर, बँकॉक, क्वालालंपूर किंवा हाँगकाँगमार्गे जाणं सोयीचं पडतं. शक्य असेल तर मनिलाला न जाता थेट सेबूचं तिकीट काढा. बोहोल सेबूच्या शेजारचंच बेट आहे. आपल्याकडची बरीच मुलं सेबू आणि दवाओला वैद्यकीय शिक्षणासाठी असतात. त्यांना भेटायला जाणाऱ्या आईवडिलांना तर ही सहल मुलांच्या एका सुट्टीच्या दिवशी सहज करता येते. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे.

सेबूहून एका दिवसात, की पांगलाओला मुक्काम?

बोहोलला पोचायचे दोन मार्ग. एक समुद्रातून: सेबू शहराच्या धक्क्यावरून ताग्बिलारान या बोहोलच्या राजधानीपर्यंत जलद फेरीबोट, सुमारे दोन तास. दुसरा हवेतून: पांगलाओचा आंतरराष्ट्रीय विमानतळ २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाला आणि ताग्बिलारानचा जुना विमानतळ बंद झाला. मनिलाहून तिथे थेट विमानं आहेत. पांगलाओ हे बोहोलला पुलांनी जोडलेलं छोटं बेट. बहुतेक हॉटेलं आणि पांढऱ्या वाळूचे किनारे तिथेच आहेत.

सेबूहून सकाळी निघून रात्री परत येता येतं. त्यासाठी पहाटेचीच फेरी गाठायला हवी. तिकीट आधी ऑनलाइन काढा, धक्क्यावर तासभर आधी पोचा, आणि टर्मिनल फीसाठी सुटे पेसो (तिथलं चलन) हाताशी ठेवा, कारण ती बहुधा तिकिटात धरलेली नसते. कोणत्या धक्क्यावरून आपली बोट सुटते ते तिकिटावर बघून घ्या. ओशनजेटच्या बोटी ‘पियर वन’वरून सुटतात, इतर कंपन्यांच्या दुसरीकडून. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘फेरी’ म्हणून भागत नाही. परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते जातानाच बघा, आणि शक्यतो तिच्या आधीच्या फेरीचं तिकीट काढा. म्हणजे गाडी कुठे अडकली तरी हाताशी एक फेरी उरते.

बोट लागत असेल तर निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्या आणि खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ जागा मिळवा. आतला एसी चांगलाच थंड असतो. ओढणी किंवा पातळ जॅकेट हवंच.

वेळ असेल त्यांनी पांगलाओला दोन रात्री राहावं, असं मी सुचवेन. तिथून लोबोक गाडीने तासाभरावर आहे. पहाटे फेरीसाठी उठायची गरज नाही आणि संध्याकाळी परत पळायची घाई नाही.

कधी जायचं

डिसेंबर ते मे हा त्यातल्या त्यात कोरडा काळ. जूनपासून वर्षअखेरपर्यंत वादळांचा मोसम असतो. वर्षअखेर म्हणजे अगदी डिसेंबरसुद्धा. १६ डिसेंबर २०२१ रोजी आलेल्या ओडेट वादळाने बोहोलला जबर तडाखा दिला, लोबोक नदीला पूर येऊन गावात पाणी शिरलं आणि बोटींचा धंदा उभा राहायला वेळ लागला. त्यामुळे पावसाळी महिन्यांत जाणार असाल तर तिथल्या ‘पगासा’ या हवामान खात्याची सूचना आदल्या रात्री बघायचीच. वादळाचा इशारा लागला की कोस्ट गार्ड फेऱ्या थांबवतं आणि मग कुणाचंच काही चालत नाही. म्हणून ही सहल परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

वादळ दूर असलं तरी आतल्या डोंगरात मोठा पाऊस झाला की नदीचं पाणी वाढतं, हिरवं पाणी गढूळ होतं आणि बोटी थांबवाव्या लागतात. सकाळी निघण्याआधी बोटवाल्यांना विचारून घ्या. फिलिपिन्समध्ये फोनपेक्षा फेसबुक मेसेंजरवर लवकर उत्तर येतं. बहुतेक छोटे व्यवसाय त्यावरच चालतात.

गर्दीचं म्हणाल तर ईस्टरच्या आधीचा आठवडा, नाताळ आणि मे महिना टाळा. मे महिन्यात बोहोलमध्ये गावोगावी जत्रा असतात आणि बाहेरगावी गेलेले बोहोलकर घरी येतात. त्या जत्रा बघायच्या असतील तर जरूर जा, पण मग बोटीसाठी थांबायची तयारी ठेवा. इतर महिन्यांत आठवड्याच्या मधला वार निवडला तरी बराच फरक पडतो.

गाडी

ताग्बिलारानहून लोबोक सुमारे २४ किलोमीटर. तीन पर्याय आहेत. चार-पाच जण असाल तर दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी ठरवा. दोघेच असाल आणि वेळ असेल, तर ताग्बिलारानच्या दाओ बसस्थानकावरून कार्मेनला जाणारी, लोबोकमार्गे जाणारी बस घ्या, फार स्वस्तात पोचाल. स्कूटर भाड्याने सहज मिळते, पण तिथे रस्त्याच्या उजवीकडून गाडी चालवतात. आपल्या हाताची सवय वळणावर दगा देते. नवख्या माणसाने स्कूटर घेऊ नये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

गाडी ठरवताना ड्रायव्हरला ठिकाणांची यादी द्या आणि क्रमही लिहून द्या. ‘सगळं दाखवतो’ या वाक्याला हो म्हणू नका. पेट्रोल, पार्किंग आणि जादा तासांचा दर भाड्यात आहे का, तेही तेव्हाच विचारा.

रस्ता समुद्राकाठाने जातो: बाक्लायोन, आल्बुर्केर्के, लोआय आणि मग नदीकाठाने आत लोबोक. आल्बुर्केर्के गावात थांबण्यासारखी एक जागा आहे. तिथे ‘आसिन तिबुओक’ नावाचं मीठ जुन्या पद्धतीने करणारी मोजकी कुटुंबं आहेत. आपल्याकडे मिठागरात उन्हावर मीठ पिकतं, इथे ते आगीवर होतं. नारळाची सोडणं कित्येक महिने खाऱ्या पाण्यात मुरवतात, मग ती वाळवून जाळतात, त्या राखेतून समुद्राचं पाणी गाळतात आणि मातीच्या भांड्यात ते आटवत नेतात. शेवटी भांडं खालून तडकतं आणि आत मिठाचा घट्ट, गोल गोळा उरतो. त्याला धुराचा मंद वास असतो. चुलीवरच्या स्वयंपाकाची आवड असणाऱ्या घरात नेण्यासाठी याहून चांगली वस्तू बोहोलमध्ये नाही. अर्धा तास पुरतो.

बोटीचा धक्का आणि जागा

लोबोकमध्ये तरंगती रेस्टॉरंट्स चालवणारे एकाहून अधिक आहेत आणि सगळ्यांचे धक्के एकच नाहीत. गावातला मुख्य धक्का चर्चच्या जवळ आहे. काही बोटी नदीच्या खालच्या अंगाला, लोआयच्या बाजूनेही सुटतात. बुकिंग ज्याचं आहे त्याच्या धक्क्याचं नाव ड्रायव्हरला आधीच सांगा.

जेवणाच्या बोटी साधारण अकराच्या सुमारास सुरू होतात आणि दुपारी दोनपर्यंत चालतात. साडेदहाला धक्क्यावर असा. बाराच्या पुढे मोठ्या टूरच्या बसगाड्या येऊन थडकतात. मग रांग, मग ताटांसाठी रांग, मग गाण्यांचा दणदणाट. पहिल्या बोटीत अन्न ताजं असतं आणि काठाची जागा मिळते.

दर विचारताना तीन गोष्टी वेगवेगळ्या करून विचारा: माणशी जेवण-बोटीचा दर, पर्यटन शुल्क त्यात धरलंय का, आणि पेयं त्यात आहेत का. थंड पेयं आणि शहाळं बहुधा वेगळं लावतात. लहान मुलांचा दर वयावर किंवा उंचीवर ठरतो, तोही विचारा.

बोट कशी असते ते आधी माहीत असलेलं बरं, कारण बरेच जण शिडाचं जहाज डोळ्यांपुढे ठेवून येतात. दोन लांबट तराफ्यांवर फळ्यांची सपाट जमीन, वर छप्पर, चारही बाजूंनी कठडा. गणपतीचा मांडव कुणीतरी अलगद उचलून पाण्यावर ठेवावा तसं ते दिसतं. त्याला मागून एक छोटी मोटरबोट ढकलत नेते. त्यामुळे डोलणं जवळजवळ नसतंच. समुद्रात ज्यांना मळमळतं तेही इथे निवांत जेवतात. ज्येष्ठांना चढायला फार त्रास नाही, फक्त धक्का आणि बोट यांच्यातली फळी ओली असते, तिथे कुणीतरी हात धरावा. लाइफ जॅकेट कुठे ठेवलीत ते बसण्याआधी नजरेखालून घाला आणि लहान मुलांसाठी ती मागून घेऊन घालाच.

जागा पुढच्या टोकाला, कठड्यालगत घ्या. मागे इंजिनाचा आवाज येतो. मध्ये बसलात तर लोकांच्या पाठी दिसतील, नदी नाही.

ताट

ही गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण आपल्या लोकांची सगळ्यात मोठी निराशा इथेच होते आणि ती सहज टळण्यासारखी असते.

जेवण बुफे असतं. केळीच्या पानांनी सजवलेलं लांब टेबल, एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला फळं. मधे बहुधा असतं ते असं: भाजलेलं डुकराचं मांस, व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं चिकन आदोबो, भाजलेला किंवा तळलेला मासा, पान्सित म्हणजे तांदळाच्या शेवयांसारख्या बारीक नूडल्स, लुंपिया म्हणजे तळलेले रोल, एखादी भाजी, सूप, आणि गोडात पुतो किंवा दुसरा एखादा तांदळाचा पदार्थ. चव आपल्या मानाने सौम्य, आंबटगोड. तिखट जवळजवळ नाही. टेबलावर छोट्या हिरव्या मिरच्या आणि कलामान्सी नावाची इवलीशी लिंबं ठेवलेली दिसली तर ती ताटात घ्या. भाजलेल्या माशावर कलामान्सी पिळून, सोबत सोया सॉसमध्ये मिरची चुरडून खाल्लं की मासेखाऊ मालवणकराचंही समाधान होतं.

मासे खाणाऱ्यांनी आणखी एक विचारावं: किनिलाव आहे का? ताजा कच्चा मासा व्हिनेगर, आलं, कांदा आणि मिरचीत मुरवलेला असतो. पोट नाजूक असेल तर प्रवासात तो टाळा, मजबूत असेल तर पहिल्या बोटीतच खा.

आता शाकाहारी मंडळींसाठी. तिथे ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की भाज्या खाणारा असा अर्थ घेतला जातो. त्या भाजीत कोळंबीचं वाटण किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असले तरी ती भाजीच धरली जाते. पान्सितमध्ये कोळंबी असते. पिनाकबेत या भाजीत ‘बागोओंग’ म्हणजे आंबवलेल्या माशाचं किंवा कोळंबीचं वाटण पडतं. मुगाचं दाट वरण दिसलं तर हरखून जाऊ नका, त्यातही बहुधा मांस किंवा सुकी मासळी असते. नुसत्या दिसण्यावरून काही ठरवायचं नाही.

काही शब्द फोनवर लिहून ठेवा. बोहोलमध्ये बिसाया बोलतात. ‘बाबोय’ म्हणजे डुक्कर, ‘बाका’ म्हणजे गाय, ‘मानोक’ म्हणजे कोंबडी, ‘इस्दा’ म्हणजे मासा, ‘पासायान’ म्हणजे कोळंबी, ‘इत्लोग’ म्हणजे अंडं. ‘दिली को मोकाओन ओग कार्ने’ म्हणजे मी मांस खात नाही. इंग्रजी बहुतेकांना कळतं, पण त्यांच्या भाषेत एक वाक्य बोललं की वाढणारी बाई थांबते, प्रत्येक भांड्याकडे बोट दाखवून नीट सांगते, आणि कधी कधी आत जाऊन तुमच्यासाठी वेगळं काही करता येईल का ते विचारून येते.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आदल्या दिवशीच मेसेंजरवर कळवणं. ‘फक्त भाज्या, मांस नाही, मासा नाही, कोळंबी नाही, फिश सॉस नाही’ असं एकेक नाव घेऊन लिहा. साधा भात, लसूण घालून परतलेल्या भाज्या, अंडं चालत असेल तर ऑम्लेट आणि फळं, एवढं मिळतं. बोहोलची केळी आणि अननस इतके गोड असतात की फळांवर एक वेळ सहज निभते. तरी जवळ खाकरे, दशम्या किंवा शेंगदाण्याची चटणी असू द्या. चटणीची पुडी साध्या भाताचं जेवण करते. बाहेरचं खाणं बोटीवर चालेल का, ते मात्र आधी विचारा आणि विचारताना कारण सांगा. धर्माचं किंवा पथ्याचं कारण तिथली माणसं मनापासून समजून घेतात. जैन जेवण मिळेल अशी आशा धरू नका. तसं असेल तर सेबूहून डबा घेऊनच निघा.

आणि ताट वाढून घेताना एक पथ्य: बोट सुटायच्या आत एकदा, थोडंच वाढून घ्या. दुसऱ्यांदा घेता येतं. भरलेल्या ताटात मान घालून बसलात की अर्धी नदी निघून जाते.

नदीवर

बोट वरच्या अंगाला निघते. पाणी गर्द हिरवं, प्रवाह इतका संथ की काठावरच्या झाडांचं प्रतिबिंब मोडत नाही. नारळ, निपा पाम, बांबूची बेटं, मधूनच पाण्यात उतरलेल्या पायऱ्यांवर कपडे धुणारं कुणी, झाडाच्या फांदीवरून नदीत उडी मारणारी पोरं. कोकणातल्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. पण कर्ली किंवा दाभोळच्या खाडीसारखा इथे रुंद पसारा नाही. दोन्ही काठ हाताशी असतात.

बोटीवर गिटार घेतलेला गायक बहुधा असतो. जुनी इंग्रजी गाणी म्हणतो. लोबोक हे गाणाऱ्यांचं गाव आहे. १९८० साली सुरू झालेला इथला मुलांचा गायनवृंद परदेशांतही गाऊन आलाय.

वाटेत बोट काठाच्या एका तरंगत्या मंचाला टेकते. गावातल्या बाया, मुलं आणि म्हातारी माणसं तिथे उकुलेले, म्हणजे छोटी गिटार, वाजवत नाचत असतात. त्यात तिनिक्लिंग हा बांबूंचा नाच असतो. दोघे समोरासमोर बसून दोन लांब बांबू धरतात, जमिनीवर दोनदा आपटतात आणि तिसऱ्या ठोक्याला एकमेकांवर आपटतात. नाचणाऱ्याने पहिल्या दोन ठोक्यांना आत पाय टाकायचा आणि तिसऱ्याला बाहेर काढायचा. तुम्हाला बोलावतील. जा. बांबूंकडे बघू नका, ठोका ऐका: आत, आत, बाहेर. तालावर लेझीम खेळलेल्या पायांना हे लवकर जमतं. चपला काढून ठेवा, बांबूत अडकतात. शेजारी देणगीची पेटी असते. तिच्यात पैसे टाकायचे ते नोटांमध्ये टाका. ही माणसं दिवसभर उन्हात प्रत्येक बोटीसाठी तेवढ्याच उत्साहाने नाचतात.

नंतर बोट बुसाय धबधब्यापाशी जाऊन वळते. धबधबा बुटका आहे, खडकांवरून पसरून येणारं पाणी. थोसेघर किंवा आंबोलीची अपेक्षा ठेवू नका. मला मात्र तिथलं वळण आवडतं, कारण इंजिन मंदावतं आणि काही क्षण फक्त पाण्याचा आवाज येतो. परतताना बहुतेक लोक फोनमध्ये फोटो चाळत असतात. तेव्हा कठड्याशी उभं राहायला भरपूर जागा मिळते.

उतरल्यावर गावात थोडा वेळ

लोबोकचं प्रवाळाच्या दगडात बांधलेलं जुनं चर्च धक्क्याजवळच आहे. १५ ऑक्टोबर २०१३ ला बोहोलला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात चर्चचा दर्शनी भाग आणि नदीकाठचा वेगळा उभा असलेला घंटेचा मनोरा यांची मोठी पडझड झाली. नंतर दगड निवडून, क्रम लावून ते पुन्हा उभारलं. आत गेलात तर छताकडे बघा, चित्रांनी भरलेलं आहे. खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि प्रार्थना चालू असेल तर मागेच थांबावं.

पुढे एकच ठिकाण निवडायचं असेल तर दोन पर्याय आहेत. कार्मेनच्या चॉकलेट हिल्स लोबोकहून पाऊण ते एक तासावर. चुनखडीच्या हजाराहून जास्त टेकड्या, जवळजवळ सारख्या आकाराच्या, नजर जाईल तिथवर. समुद्रतळाचा प्रवाळ-चुनखडीचा थर वर उचलला गेला आणि पावसाने तो लाखो वर्षं झिजवला, त्यातून त्या घडल्या. उन्हाळ्यात, फेब्रुवारी ते मेमध्ये, गवत वाळून त्या तपकिरी होतात. इतर वेळी हिरव्या असतात. वरच्या मनोऱ्याला दोनशेवर पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बेताने. २०२३ मध्ये बोहोल बेटाला युनेस्कोने ग्लोबल जिओपार्क म्हणून मान्यता दिली, फिलिपिन्समधला तो पहिलाच. वाटेत बिलारला महोगनीचं लावलेलं जंगल लागतं, रस्ता त्यातूनच जातो. गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबलं तरी पुरतं.

दुसरा पर्याय टार्सियर, मुठीत मावेल एवढा निशाचर प्राणी. त्याचा एकेक डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो आणि डोळे फिरवता येत नसल्याने तो सगळी मान फिरवतो. बघायचाच तर बोहोलमधल्या कोरेया (Corella) गावाच्या अभयारण्यात बघा, तिथे तो झाडावर मोकळा असतो. फ्लॅश बंद, आवाज बंद, हात लांब. दिवस ही त्याची झोपेची वेळ असते आणि गोंगाटाचा त्याला खरोखर त्रास होतो. पिंजऱ्यात ठेवून किंवा हातावर बसवून फोटो काढू देणारी जागा दिसली तर गाडी थांबवू नका. कोरेया ताग्बिलारानहून जवळ आहे, म्हणून ते बोटीच्या आधी, सकाळी करणं सोयीचं.

सेबूहून एका दिवसात येणाऱ्यांनी दोन्ही धरू नयेत. सकाळी कोरेया, साडेदहाला धक्का, जेवण, चर्च आणि दुपारी आल्बुर्केर्केचं मीठ, असा दिवस बसतो आणि फेरी आरामात मिळते. चॉकलेट हिल्सना जायचं तर सकाळचं काहीच ठेवू नका आणि कार्मेनहून ताग्बिलारानला दीड तास धरा.

पैसे

एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. धक्क्यावर, बसमध्ये, देणगीपेटीत, मिठाच्या दुकानात रोखच चालते. परदेशी कार्डावर एटीएम दर वेळी शुल्क घेतं, तेव्हा एकदाच पुरेसे काढा, आणि ते ताग्बिलारान किंवा पांगलाओलाच. शंभर आणि वीसच्या नोटा करून ठेवा.

पांगलाओच्या मुक्कामात तुम्हाला व्हर्जिन आयलंडच्या वाळूच्या पट्ट्यावर आणि तिथल्या पाण्यातल्या खाण्याच्या टपऱ्यांवरही नेण्याचा आग्रह होईल. २०२२ मध्ये तिथल्या एका जेवणाचं २६,१०० पेसोंचं बिल समाजमाध्यमांवर पसरलं आणि प्रांताच्या गव्हर्नरांनी त्या बेटाच्या सहलीच काही काळ थांबवल्या. पाण्यावरच्या कुठल्याही टपरीवर मासा वजनावर विकतात. म्हणून तराजूवर ठेवण्याआधी किलोचा भाव, ठेवल्यावर वजन, आणि शिजवायचे वेगळे पैसे आहेत का, हे तीनही विचारून कागदावर लिहून घ्या. लोबोकच्या बोटींवर हा प्रश्न येत नाही, माणशी दर ठरलेला असतो.

पिशवीत काय

टोपी, सनस्क्रीन, डासांचं मलम, ओले होऊ नये अशा पिशवीत फोन आणि पासपोर्टची प्रत, सीलबंद पाणी, आणि छत्रीपेक्षा रेनकोट, कारण बोटीवर आडवा पाऊस येतो. सँडल पट्ट्याची हवी. तिथले सॉकेट चपट्या पिनांचे असतात, तेव्हा ॲडॉप्टर मुंबईतूनच न्या.

संध्याकाळी उजेड असताना पांगलाओला परतलात आणि अंगात उत्साह उरला असेल, तर कोर्तेस गावाजवळच्या आबातान नदीवर काजवे बघायला जाता येतं. तिथे छोट्या होड्या असतात आणि मोठ्या इंजिनाच्या बोटीऐवजी वल्ह्याची होडी किंवा कायाक मागायची. चंद्र मोठा असेल त्या रात्री काजवे फिके दिसतात, अमावास्येच्या आसपास उत्तम. दिनदर्शिका बघून सहलीची तारीख त्याप्रमाणे धरता आली तर धरा. दुपारी वर गेलेली बोट आणि रात्री काळोखात वल्हवलेली होडी, दोन्ही एकाच दिवसात बसतात.